सुभेदारांची शाळा : महूच्या पलटणीपासून परळच्या खोलीपर्यंत

दर १४ एप्रिलला महूत पाय ठेवायला जागा नसते. माणसं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मभूमीवर माथा टेकवतात आणि रात्रीच्या गाडीने परत निघतात. पण मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगडजवळचं आंबडवे असताना हे मूल इतक्या लांब, मध्य भारतातल्या छावणीत का जन्मलं? त्याचं कारण वडिलांची नोकरी. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिकवत होते आणि १८९१ साली पलटण महूला होती.

रामजींची आठवण निघते ती बहुधा एका वाक्यापुरती : 'बाबासाहेबांचे वडील, लष्करात सुभेदार.' त्यातला 'लष्करात' हा शब्द दिशाभूल करतो. डोळ्यांपुढे बंदूक येते. रामजींच्या कारकिर्दीचा मोठा भाग खडू-फळ्यात गेला. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि पुढे चौदा वर्षं ते पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर होते.

या शाळा कंपनी सरकारच्या काळापासूनच्या. शिपाई आणि त्यांची मुलं, मुलीसुद्धा, यांना शिकणं सक्तीचं होतं. मुलांसाठी दिवसा शाळा भरे, मोठ्यांसाठी रात्री. यामागे परोपकार नव्हता, फौजेची सोय होती. तरी परिणाम सोयीपुरता राहिला नाही. गावच्या शाळेत ज्यांच्या मुलाला ओटीवरसुद्धा बसू दिलं नसतं, त्यांची पोरं बराकीत धडे वाचू लागली. महार समाजातला पहिला शिकलेला वर्ग प्रामुख्याने इथून आला, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे.

रामजींचं घरही याच वाटेवरचं. त्यांचे वडील मालोजी फौजेत होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या, आणि त्या घरातले वडील-चुलते सुभेदार-मेजर हुद्द्यापर्यंत चढलेले. म्हणजे दोन्हीकडे पेन्शनीची, पत्र लिहिण्या-वाचण्याची सवय असलेली माणसं. भीमराव हे चौदावं अपत्य. जगली-वाचली ती पाचच : बळीराम, आनंदराव, भीमराव आणि मंजुळा, तुळसा या दोन बहिणी.

मग दार बंद झालं. १८५७ नंतर फौजेची फेरमांडणी सुरूच होती. लढवय्या जाती कोणत्या आणि कोणत्या नाहीत, याची यादी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्की होत गेली. सरसेनापती रॉबर्ट्स त्या मताचे मोठे पुरस्कर्ते. १८९२-९३च्या सुमारास जातवार तुकड्यांची पद्धत आली आणि महारांची भरती थांबली. १८१८च्या कोरेगाव लढाईच्या स्तंभावर ज्या महार शिपायांची 'नाक' शेवट असलेली नावं कोरली होती, त्यांचे नातू लढवय्ये नाहीत असं ठरलं. एका हुकमाने नोकरी गेली, पेन्शन गेली आणि शाळाही गेली. माझ्या मते तिसरं नुकसान सर्वांत मोठं होतं आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली गेली.

याच सुमारास रामजी निवृत्त झाले आणि कुटुंब कॅम्प दापोलीला आलं. तिथे लष्करी पेन्शनरांची वस्तीच होती. 'विटाळ विध्वंसन' हे अस्पृश्यतेविरुद्धचं पुस्तक लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर तिथलेच, तेही फौजेतून निवृत्त झालेले. भरतीबंदीविरुद्ध अर्ज करण्याची खटपट याच पेन्शनरांनी केली. रामजीही त्यात होते आणि अर्जाच्या कामासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांना भेटले होते, असं चरित्रकार सांगतात. सरकार हललं नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर ती मोडलीही. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. ते पाहायला रामजी नव्हते.

दापोलीहून कुटुंब साताऱ्याला गेलं. तिथे भीमाबाई वारल्या आणि मुलांचं सगळं रामजींची बहीण मीराआत्याने पाहिलं. रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं त्यांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाले मिळेनात, तो १९०१चा प्रसंग पुष्कळांना ठाऊक आहे. त्यात एक बारीक गोष्ट आहे. मुलं येणार असल्याचं पत्र रामजींना मिळालंच नव्हतं, नोकराने ते द्यायचं राहून गेलं होतं. नाहीतर एरवी मुलांच्या बाबतीत विसरणारा हा माणूस नव्हता.

पुढे मुंबई. परळच्या डबक चाळीत एक खोली, तीत सगळं बिऱ्हाड, आणि पेन्शन महिना पन्नास रुपये. बंद झालेली पलटणीची शाळा रामजींनी या खोलीत पुन्हा भरवली, असं मला वाटतं. इंग्रजीसाठी हॉवर्डची पुस्तकं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. रात्री दोन वाजता ते मुलाला उठवत आणि त्याने अंथरूण सोडलं की त्याच जागेवर स्वतः आडवे होत. भीमरावाला एखादं पुस्तक हवं झालं की सुभेदार लेकींच्या सासरी जाऊन चार पैसे मागत. पैसे नसले तर दागिना मागून घेत, तो गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करत.

संध्याकाळी भजन आणि पोथी चुकायची नाही. घर कबीरपंथी असूनही रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. शूद्रांना खाली लेखणारे हे ग्रंथ आम्ही कशाला वाचायचे, असं भीमरावाने एकदा विचारलं. वडिलांचं उत्तर बाबासाहेबांनी नोंदवून ठेवलंय : आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड यायची शक्यता फार, द्रोण आणि कर्ण लहान माणसं होती, ती कुठवर चढली ते बघ.

१९१३च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीला निघाले, तेव्हा मात्र बाप-लेकाचं पटलं नाही. तिथे जातीचा जाच होईल, जाऊ नकोस, असं रामजींचं म्हणणं. मुलगा गेला आणि संस्थानाच्या फौजेत लेफ्टनंट झाला. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरत स्टेशनात वडिलांसाठी मिठाई घ्यायला तो खाली उतरला आणि गाडी सुटली. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.