इंजिनावरची घाण आणि सोलकढी

तीन पावसाळे शेडमध्ये काढलेल्या आमच्या मारुती ८०० चं बॉनेट परवा उघडलं. १९९४ ची गाडी, कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी. आत काय दिसलं तर काळ्या-तांबूस चिखलात रुतलेलं काहीतरी, ज्याला मी विश्वासावर इंजिन म्हणालो. शेजारचे काका कुंपणावरून डोकावले आणि लगेच सल्ला, "इंजिन चांगलं गरम कर आणि प्रेशरने पाणी मार रे, नाहीतर पेट्रोलाने पूस, सगळं सुटतं." हा सल्ला गोव्यात कुठल्याही गॅरेजबाहेर फुकट मिळतो, आणि दोन्ही अर्धे चूक.

पेट्रोलचं आधी उरकतो. उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ होते, ती हवेपेक्षा जड असते, त्यामुळे खाली साचून बसते आणि बॅटरीच्या एका ठिणगीची वाट बघते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३८ अंश किंवा जास्त लागतात म्हणून ते बरं, पण तापलेल्या एक्झॉस्टवर तेही धोक्याचंच, सुमारे २१० अंशांना ते ठिणगीशिवाय स्वतःच पेटतं. म्हणून इंजिन कोमट हवं, हात ठेवता येईल एवढं.

आता ही घाण म्हणजे नक्की काय. कुठल्यातरी पॅकिंगमधून तेल झिरपतं, उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे रेणू एकमेकांना चिकटून मोठे होत जातात, तेल आधी डिंकासारखं आणि मग वार्निशसारखं होतं. त्यात आमची डिचोलीकडची लाल धूळ, म्हणजे बरंचसं लोहाचं ऑक्साइड, जाऊन बसते. तेलात मळलेली माती. त्यावर नुसतं पाणी कितीही जोरात मारलं तरी ते अळूच्या पानावरून जावं तसं निघून जातं, कारण शाळेत शिकलोय ना, तेल आणि पाणी एकमेकांना ढकलतात.

इथेच मला राहवत नाही, कारण ते तसं नाहीये. तेलाच्या आणि पाण्याच्या रेणूंमध्ये खरं तर थोडंफार आकर्षणच असतं. भानगड पाण्याची आहे. पाण्याचा एकेक रेणू आजूबाजूच्या साधारण चार रेणूंचे हात धरून असतो आणि हे हात तो सारखे सोडत-धरत असतो. मध्ये तेलाचा रेणू आला की त्याला धरायला हातच नाही, मग त्याच्या भोवतीच्या पाण्याला आपली धराधरी टिकवायला ठराविकच बाजूंना तोंड करून उभं राहावं लागतं, म्हणजे त्याचं स्वातंत्र्य गेलं, फिजिक्सवाले म्हणतात एंट्रॉपी कमी झाली, आणि निसर्गाला ते परवडत नाही. तेलाचे रेणू एकत्र गोळा झाले की कमी पाणी अडकतं. म्हणून तेल गोळा होतं. यात द्वेष कुठेच नाही, जत्रेत खांबाभोवती गर्दी अडू नये म्हणून सगळे खांब एका कोपऱ्यात नेऊन ठेवावेत तसं आहे.

साबणाचा किंवा डिग्रीझरचा (म्हणजे तेलकट घाण सोडवायच्या फवाऱ्याचा) रेणू या भानगडीचा फायदा घेतो. त्याचं डोकं पाण्यात रमतं, शेपूट तेलासारखं. शेपूट पाण्यातून सुटायला म्हणून घाणीत घुसतं, डोकं बाहेर राहतं, आणि तेलाच्या पृष्ठभागावर अशा रेणूंची दाटी होते. तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण धाडकन उतरतो. याला महत्त्व का? तर १ मिलिमीटरचा तेलाचा थेंब १ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) थेंबांत फोडायचा म्हटलं तर १०० कोटी थेंब होतात आणि एकूण पृष्ठभाग १००० पट वाढतो. नवीन पृष्ठभाग करायला ऊर्जा लागते, ताण गुणिले क्षेत्रफळ. ताण कमी तर काम स्वस्त, मग जुना टूथब्रशसुद्धा पुरतो. पण दाटी व्हायला वेळ लागतो, म्हणून फवारल्यावर दहा मिनिटं गप्प बसायचं आणि वाळू द्यायचं नाही. बहुतेक लोक तिथेच घाई करतात आणि मग मनगटं दुखवून घेतात.

पाणी मारलं की खाली पांढरं दूध वाहतं ते बघून मी दरवेळी खूश होतो. ते म्हणजे सोलकढीच. नारळाच्या दुधातसुद्धा तेलाचे बारीक थेंबच असतात, तिथे साबणाचं काम प्रथिनं करतात, आणि थेंबांवर प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. सोलकढी ठेवून दिली की दाट भाग वर येतो, तसं या दुधाचंही होतं (हे चाखू नये). या पृष्ठभागांचा अभ्यास स्वयंपाकघरातच सुरू केला होता जर्मनीतल्या आग्नेस पॉकेल्स या बाईंनी, विद्यापीठाचं शिक्षण नाही, भांडी घासताना पाण्यावरच्या चरबीकडे बघून प्रयोग केले. १८९१ साली त्यांचं पत्र इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आणलं. असो, मी भरकटलो.

कॉस्टिक सोडा मात्र नको. तो चरबी उडवतो खरा, पण ॲल्युमिनियमलाही खातो, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि अल्टरनेटरचं कवच काळं पडतं. डिझेल फवारून "चकाचक" करून देणारेही आहेत, ती चकाकी म्हणजे नवीन धूळ पकडायचा सापळा, वर रबरी होज फुगतात ते वेगळंच. आणि बंपरला टांगलेलं लिंबू-मिरची, त्याने दृष्ट लागायची थांबते का ते सोडा, पण त्याच लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हे तेल विरघळवणारं चांगलं द्रावक आहे आणि रसातलं सायट्रिक ॲसिड गंज काढतं. म्हणजे बाहेर टांगण्यापेक्षा बॉनेटच्या आत त्याला जास्त काम आहे.

धुण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा) आणि कार्ब्युरेटरवर प्लास्टिक पिशवी घट्ट बांधली, जाड थर आधी सुकाच खरवडून कागदात गुंडाळला, कारण अंगणातलं पाणी शेवटी व्हाळातच जातं. डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये पंधरा-वीस हजार व्होल्ट खेळतात आणि ओल राहिली की ठिणगी प्लगऐवजी भलतीकडे पळते. शुद्ध पाणी तसं वाईट वाहक, पण क्षार आले की संपलं. म्हणून किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नये. मागे राहिलेलं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खाली कितीदा येते! गाडी शेडमध्ये कोरडी उभी असते आणि गंज आपला चालूच.

जुन्या बनियनने पुसून बॉनेट उघडं ठेवून दुपारभर उन्हात ठेवली. संध्याकाळी स्टार्टर तिसऱ्या फटक्याला लागला, थोडी फडफडली, मग सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीजवळून वाकून बघितलं तर स्वच्छ धातूवर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात, तेलाचा एक ताजा थेंब चमकत होता. इतकी वर्षं गळती कुठून ते कळतच नव्हतं. आता पॅकिंग आणायला म्हापशाला.