हीमोग्लोबिन : संरचना व ऑक्सिजन-बंधन

बहुतेक सर्व पृष्ठवंशी प्राण्यांच्या तांबड्या रक्तकोशिकांतील लोहयुक्त प्रथिन (अंटार्क्टिकातील हिममत्स्य हा ठळक अपवाद). याच्या शोधाचे श्रेय सामान्यतः ह्यूनफेल्ड यांना दिले जाते (१८४०). मात्र त्यांनी गांडुळाच्या वाळत्या रक्तात स्फटिक पाहिले होते, कार्य ओळखले नव्हते. होपे-झाइलर यांनी १८६४ च्या सुमारास नाव दिले, आणि ऑक्सिजन जोडला-सुटला की रंग बदलतो हे स्टोक्स यांनी त्याच वर्षी दाखविले.

प्रौढ मानवातील मुख्य हीमोग्लोबिनाचा रेणुभार सुमारे ६४,५०० असून त्यात दोन आल्फा (प्रत्येकी १४१ ॲमिनो अम्ले) व दोन बीटा (प्रत्येकी १४६) शृंखला असतात. प्रत्येक शृंखलेच्या खोबणीत हीम हे चपटे वलय बसलेले असते. वलयाच्या मध्यावरील लोह-अणू चार नायट्रोजनांशी बांधलेला, पाचवा बंध शृंखलेतील हिस्टिडीन या ॲमिनो अम्लाशी. ऑक्सिजन येतो तो सहाव्या जागी. सुटे हीम पाण्यात ऑक्सिजनच्या संपर्कात आले, तर त्यातील फेरस (Fe²⁺) लोह एक इलेक्ट्रॉन गमावून फेरिक (Fe³⁺) बनते व निकामी होते. प्रथिनाची घडी ते टाळते, म्हणून लोह ‘गंजत’ नाही.

ऑक्सिजनचा दाब व संपृक्तता (ऑक्सिजनने भरलेल्या हीम-जागांचे प्रमाण) यांचा आलेख सरळ नसून ‘एस’ अक्षरासारखा असतो (बोर, हासेलबाल्क व क्रोग, १९०४). फुप्फुसांत सुमारे १०० मिमी. (पाऱ्याच्या स्तंभाच्या) दाबाला रक्त जवळजवळ संपृक्त होते. विश्रांत ऊतकांत ४० मिमी.ला संपृक्तता सुमारे ७५ टक्के उरते. एका हीमला ऑक्सिजन मिळाला, की उरलेल्यांची ओढ वाढते. परंतु लोह-अणू परस्परांपासून सुमारे २५ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = मीटरचा एक हजार कोटीवा भाग) किंवा अधिक दूर आहेत. इतक्या अंतरावरून एकाची वार्ता दुसऱ्यास कशी कळते, हाच खरा प्रश्न.

पहिला धागा प्राग येथे हाउरोविट्झ यांना मिळाला (१९३८). शीतकपाटात राहिलेल्या स्फटिकांच्या लाल सुया जाऊन जांभळट षट्कोनी चकत्या झाल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली हवा आत शिरताच चकत्या विरघळल्या व पुन्हा सुया उगवल्या. म्हणजे ऑक्सिजनने रेणूचा आकारच बदलतो. पेरुट्झ यांनी क्ष-किरण विवर्तनाने मांडणी उलगडली (रसायनशास्त्राचे नोबेल, १९६२, केंड्रू यांच्यासह) व १९७० मध्ये यंत्रणा सुचविली. ऑक्सिजनविरहित स्थितीत लोह वलयाच्या प्रतलाबाहेर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम असते. ऑक्सिजन बसला की ते प्रतलाकडे सरकते, हिस्टिडीनाला ओढते, शृंखलांमधील लवण-सेतू (विरुद्ध विद्युत् प्रभारांतील बंध) तुटतात आणि एक आल्फा-बीटा जोडी दुसरीच्या सापेक्ष सुमारे १५ अंशांनी फिरते. हा बदल चारही शृंखलांत एकदमच होतो (मोनो, वायमन व शांझो, १९६५) की क्रमाक्रमाने (कॉशलंड, नेमेथी व फिल्मर, १९६६), याबद्दल मतभेद आहेत. पहिली प्रतिकृती हीमोग्लोबिनाला बरीच लागू पडते. तपशिलात दुसरीचाही अंश मान्य करावा लागतो.

लोह-ऑक्सिजन बंधाचे स्वरूप अधिक वादग्रस्त आहे. पॉलिंग व कोर्येल यांनी १९३६ मध्ये दाखविले, की ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन समचुंबकीय (अयुग्मित म्हणजे एकाकी इलेक्ट्रॉन असलेले, चुंबकाकडे ओढले जाणारे), तर ऑक्सिजनयुक्त प्रतिचुंबकीय (सर्व इलेक्ट्रॉन युग्मित असलेले) असते. ऑक्सिजनच्या रेणूत स्वतः दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असताना हे नवलच. पॉलिंग यांच्या मते लोह फेरसच राहते व इलेक्ट्रॉन युग्मित होतात. वाइस (१९६४) यांच्या मते एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जाऊन फेरिक-सुपरऑक्साइड (सुपरऑक्साइड म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन असलेला ऑक्सिजन रेणू) जोडी बनते व तिचे अयुग्मित इलेक्ट्रॉन परस्परांना निष्प्रभ करतात. ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधाची अवरक्त कंपने (सुमारे ११०० प्रति सेंमी.) सुपरऑक्साइडाच्या जवळ पडतात, त्यामुळे वाइस यांचे वर्णन वस्तुस्थितीस अधिक धरून वाटते. तथापि बंध सुटताना ऑक्सिजन मूळ रूपातच बाहेर पडतो.

कार्बन डाय-ऑक्साइड, आम्लता आणि तांबड्या कोशिकांतील २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट हे संयुग यांनी ऑक्सिजनची ओढ कमी होते. बीटा शृंखलेतील सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आल्यास दात्रकोशिका (सिकल सेल) विकार संभवतो. महाराष्ट्रात तो नंदुरबार, गडचिरोली इ. आदिवासीबहुल भागांत विशेष आढळतो.