दुखतं फऱ्यात, आखडलेली असते छाती

"मॅडम, इथं फऱ्यात चमक निघायली, जरा चोळून द्या." लातूरच्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. फरा म्हणजे खांद्यामागचं पातं. चोळल्यानं बरं वाटतं, पण दोन दिवसांत दुखणं परत येतं. कारण मूळ पुढच्या बाजूला असतं.

नीटची तयारी करणारी मुलं दहा-दहा तास वहीवर वाकलेली असतात. कापूस वेचताना हात दिवसभर पुढेच असतात. अशानं छातीचे स्नायू आखडतात आणि खांदे पुढे ओढतात. पात्यांना कण्याकडे धरून ठेवणारे पाठीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेतच राबून कमजोर पडतात. त्यांचा भार मानेजवळच्या स्नायूंवर येतो, मग मान धरते. फवारणीचा 16 लिटरचा पंप भरला की नुसतं पाणीच 16 किलो होतं! शेतकरी बांधवांनो, पंप अर्धाच भरा आणि दोन्ही पट्टे सारखे आवळा. खेपा वाढतील, पण खांदा वाचेल.

आरशासमोर हात सैल सोडून उभे राहा. मळहात, म्हणजे तळहाताची मागची बाजू, समोर दिसत असतील तर खांदे आत वळले असण्याची शक्यता आहे.

आधी छाती मोकळी करा. दाराच्या चौकटीला कोपरापासून हात टेकवा, कोपर खांद्याच्या उंचीला ठेवा आणि एक पाय पुढे टाका. ताण जाणवेल तिथं 30 सेकंद थांबा, श्वास रोखू नका. असं तीनदा. मग रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा आणि कोपर अंगालगत ठेवून मागे ओढा. पाती एकमेकांजवळ आली पाहिजेत. खांदे कानाकडे चढले तर पट्टा जड होतोय, हलका घ्या. 10 ते 12 वेळा, दोन खेपा, एक दिवसाआड. जिममध्ये नुसती छाती मारणाऱ्या पोरांना तर आम्ही हे हात जोडून सांगतो.

फरक जाणवायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, मध्येच सोडू नका.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब, घाम आणि हातात कळ असेल तर आमच्याकडे नको, थेट मोठ्या दवाखान्यात जा. शुगर असलेल्यांचा खांदा जाम झाला असेल, तर त्याचा उपचार वेगळा असतो, येताच सांगा.

पहिल्या भेटीला सैल कपडे घाला. विद्यार्थ्यांनी रोजची बॅग भरूनच आणावी, पट्टे इथंच नीट लावून देऊ.