इंग्लंडच्या बालगृहात वाढलेल्या नातलगाची फाइल मागवताय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी वाचा

"या नावाची कोणतीही नोंद आढळत नाही." एवढ्या एका ओळीचं पत्र आलं की माणसं हातपाय गाळून बसतात. मी मिडलंड्समधल्या एका ग्रंथालयात शनिवारी अशा अर्जदारांना मदत करते. कुणाचे सासरे बालगृहात वाढलेले असतात, कुणाची इंग्रज आजी लग्नानंतर पुण्यात आलेली असते आणि स्वतःच्या लहानपणाबद्दल अवाक्षर न काढता गेलेली असते. पुष्कळदा फाइल कपाटात असतेच, अर्ज मात्र भलत्याच माणसाच्या सहीने भलत्याच दारात पडलेला असतो.

अर्ज कोणी करायचा

पहिला प्रश्न एकच: ती व्यक्ती हयात आहे का? हयात असेल तर फाइलवर हक्क तिचाच. 2018 च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली तिने स्वतः अर्ज करायचा किंवा तुम्हाला लेखी अधिकारपत्र द्यायचं. या अर्जाला 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट' म्हणतात आणि त्याला फी नाही. मुलगा, मुलगी, सून यांनी आपल्या नावाने अर्ज केला की तो परत येतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत नोंदणी झालेलं 'लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी' (मुखत्यारपत्र) किंवा कोर्टाची नेमणूक लागते, आणि मुखत्यारपत्र माणूस शुद्धीत असतानाच करून ठेवावं लागतं. घरात बोलणं टाळत राहिलात तर हा कागद नंतर कुठूनही मिळत नाही.

व्यक्ती वारली असेल तर हा कायदा लागूच होत नाही. मग फाइल दाखवायची की नाही हे ती ज्यांच्याकडे आहे त्या संस्थेच्या धोरणावर ठरतं. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो. जोडीदार किंवा जवळचं अपत्य हयात असेल तर त्यांची संमतीही मागतात. सुनांना खास सांगते: कागद तुम्ही जमवा, पत्र तुम्ही लिहा, पण सही नवऱ्याची घ्या. सासऱ्यांचे वारस ते आहेत.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. आपल्याकडे आरटीआयची सवय असल्यामुळे लोक इथला 2000 चा 'फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन' कायदा वापरायला जातात आणि खासगी माहिती म्हणून नकार घेऊन येतात. धर्मादाय संस्थांना तर तो कायदा लागूच नाही.

दार कोणतं

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. बालगृह ज्या गावात होतं, तिथल्या कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, लोक लिहितात. पण फाइल असते ती मुलाला तिथे ठेवणाऱ्याकडे. बॅनस्टेडचं उदाहरण घ्या. गाव सरे परगण्यातलं, पण तिथली कॉटेज होम्स (छोट्या छोट्या घरांची बालगृहं) 1880 मध्ये उघडली ती लंडनमधल्या केन्सिंग्टन आणि चेल्सीच्या मुलांसाठी. पुढे ती लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली, नाव पडलं बीचहोम. सरेला कितीही पत्रं लिहिलीत तरी काय मिळणार? त्या जुन्या कौन्सिलचं दप्तर आज लंडनच्या क्लार्कनवेल भागात 'द लंडन आर्काइव्ह्ज'मध्ये आहे.

त्यात सरकारी हद्दी बदलत गेल्या. 1930 मध्ये गरीब कायद्याखालची वर्कहाउसं (निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या संस्था) आणि त्यांची बालगृहं काउंटी कौन्सिलांकडे आली. 1948 च्या कायद्याने प्रत्येक कौन्सिलला मुलांसाठी वेगळा विभाग काढावा लागला. 1965 मध्ये लंडनचे बरो (स्थानिक कारभाराचे विभाग) बदलले, 1974 मध्ये बाकी इंग्लंडच्या सीमा. म्हणून मूल ज्या साली बालगृहात गेलं त्या साली तो भाग कोणाच्या हद्दीत होता ते आधी काढा. नकार आलाच तर "तुमच्या आधीच्या कौन्सिलचं दप्तर कोणाकडे गेलं?" असं लेखी विचारा. हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही, आणि याचा मला अजून राग येतो.

कौन्सिल नसेल तर संस्था. बर्नार्डोजने 1870 मध्ये लंडनच्या स्टेपनीत मुलांसाठी पहिलं घर काढलं आणि 1874 पासून मुलांचे फोटो काढायला सुरुवात केली. त्यांच्याकडे घराण्याचा शोध घेणाऱ्यांसाठी वेगळी सेवा आहे. जुन्या कागदांवर 'वेफ्स अँड स्ट्रेज' दिसलं तर ती आजची चिल्ड्रन्स सोसायटी. 'नॅशनल चिल्ड्रन्स होम' दिसलं तर आजची ॲक्शन फॉर चिल्ड्रन. मूल कॅथलिक असेल तर त्या भागातल्या कॅथलिक धर्मप्रांताच्या बालसंस्थेला विचारा. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाचा माग एकाएकी तुटला तर कॅनडाकडे बघा. 1869 पासून सुमारे 1 लाख मुलं बोटीने तिकडे धाडली गेली. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांची नावं शोधता येतात.

अर्जात 'अनाथ' हा शब्द सरसकट लिहू नका. यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील, निदान आई, जिवंत होती. बाप बेकार, आई क्षयाने इस्पितळात किंवा आई अविवाहित, एवढंच कारण असे.

जो कागद कोणाकडेच नसतो

तो म्हणजे नातलगाचा पूर्ण जन्मदाखला. घरात असतो तो बहुधा चिटोऱ्याएवढा छोटा दाखला. 1947 नंतर असे दाखले निघू लागले आणि त्यावर आईबापांची नावं नसतात. अर्जाला तो चालवून घेतला तरी फाइल शोधायला कामाचा नाही. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून पूर्ण नक्कल मागवा. आईचं माहेरचं नाव कळलं की निम्मी कोंडी फुटते, कारण मूल कधी आईच्या माहेरच्या नावाने, कधी सावत्र बापाच्या आडनावाने नोंदलेलं असतं. अर्जात ही सगळी नावं, त्यांची चुकीची स्पेलिंगंसुद्धा, लिहा.

बापाचा रकाना रिकामा असेल तर खचू नका. लग्न झालेलं नसेल तर बापाचं नाव दाखल्यावर यायला त्याने स्वतः आईबरोबर नोंदणीला हजर राहावं लागे. शिकायला आलेला एखादा हिंदुस्थानी विद्यार्थी कशाला येतोय? पण आईने बालगृहाच्या बाईंना नाव सांगितलेलं असू शकतं, आणि ते फाइलमध्ये सापडू शकतं.

आपल्या लोकांचे कागद अडतात ते आणखी दोन कारणांनी. पहिलं, स्वतः सही करून 'खरी प्रत' लिहिलेली झेरॉक्स इथे चालत नाही. प्रत साक्षांकित करणारा माणूस दुसरा लागतो, वकील किंवा तत्सम व्यावसायिक, आणि त्याने नाव, हुद्दा, तारीख घालावी लागते. दुसरं, नावांची साखळी. माहेरचं नाव कुसुम, लग्नात ठेवलेलं मृणाल, पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव: समोरच्या कारकुनाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाहाचा दाखला जोडा, आणि कोणतं नाव कधीचं ते एका कागदावर ओळीने लिहा. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

मुदती

हयात व्यक्तीच्या अर्जाला एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं, हे खरं. पण ओळखीचे कागद मागितले असतील तर महिना ते पोचल्यापासून मोजतात, आणि फाइल गुंतागुंतीची असेल तर आणखी दोन महिने घेता येतात. मृत व्यक्तीच्या अर्जाला ही मुदत नाहीच.

75 वर्षांचा आकडा तर सगळेच चुकीचा वाचतात. बालगृहाची फाइल 75 वर्षं ठेवतात ती जन्मतारखेपासून, बाहेर पडल्यापासून नव्हे. हा दंडक 1991 नंतरचा. त्याआधी कौन्सिलांनी कितीतरी फाइली फेकून दिल्या. 1950 साली जन्मलेल्या माणसाची 75 वर्षं 2025 मध्ये भरली. घरात असं कोणी असेल तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, याच आठवड्यात लिहा. उलट, अभिलेखागारातली रजिस्टरं बहुधा 100 वर्षं बंद असतात. 1921 ची जनगणना उघडली आहे, 1931 ची आगीत गेली, 1941 ला झालीच नाही. मधल्या काळासाठी 29 सप्टेंबर 1939 ची नोंदवही बघा. त्यात कोण कोणत्या पत्त्यावर राहत होतं ते मिळतं, पण ज्यांच्या जन्माला 100 वर्षं झालेली नाहीत त्यांची ओळ मृत्यूचा पुरावा दिल्याशिवाय उघडत नाही.

बाकी सोपं आहे. संस्थेचा फॉर्म असेल तो भरा, नसेल तर साधं पत्रही चालतं, आणि पोच जपून ठेवा.

काळ्या पट्ट्या

फाइल येते तेव्हा दुसऱ्यांची माहिती म्हणून ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या असतात. एका सत्तरीच्या गृहस्थांना त्यांच्या स्वतःच्या आईचं नाव काळं करून पाठवलं होतं, आणि आईचं नाव असलेला दाखला त्यांच्या खिशात होता. यावर उपाय आधीच करायचा: आईबापांचे, वारलेल्या भावंडांचे मृत्यूचे दाखले आणि आपला पूर्ण जन्मदाखला अर्जालाच जोडायचा. मृताला डेटा प्रोटेक्शन कायदा संरक्षण देत नाही, आणि तुम्हाला ठाऊक असलेलं लपवायला कारण उरत नाही. तरीही पट्ट्या आल्या तर आधी त्याच संस्थेकडे लेखी तक्रार, मग इन्फर्मेशन कमिशनरकडे.

आणखी एक. "सारांश नको, मूळ पानांच्या प्रती हव्यात, पत्रं, फोटो, तब्येतीची कार्डं धरून" हे वाक्य अर्जात घाला. त्या गृहस्थांना पहिल्यांदा दोन पानांचा सारांश आला होता, 'आईचा संपर्क नाही' असा. पुन्हा मागितल्यावर प्रती आल्या. त्यात आईची तीन पत्रं होती, निळ्या रेघांच्या कागदावर पेन्सिलने लिहिलेली. तिसऱ्यात तिने विचारलं होतं, कोणत्या रविवारी भेटायला येऊ, आणि त्याच्या बुटांचं माप कळवाल का.