गॅस ड्रायर

गॅस ड्रायर : ओले कपडे फिरत्या पिंपात घालून, गॅसच्या ज्योतीने तापवलेल्या हवेने वाळवणारे यंत्र. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या पिळणाऱ्या टबालाही बोलीत ड्रायर म्हणतात; तो येथे अभिप्रेत नाही. नाशिकमध्ये घरगुती कपडे गच्चीत वा गॅलरीत दोरीवरच वाळतात. लॉन्ड्री, हॉटेल, रुग्णालय यांना मात्र पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात, या यंत्रावाचून चादरी वेळेत मिळत नाहीत.

उगम : पोशों नावाच्या फ्रेंच गृहस्थाने सुमारे १८०० मध्ये विस्तवावर हाताने फिरवायचे छिद्रांचे पिंप केले, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. जॉर्ज सॅम्पसन याला ७ जून १८९२ रोजी मिळालेले अमेरिकन पेटंट (क्र. ४७६,४१६) पुष्कळदा ‘पहिला ड्रायर’ म्हणून दाखवले जाते, पण ती शेगडीवर टांगायची चौकट होती, तिच्यात पिंप नव्हते. आजच्या यंत्राचा थेट पूर्वज शोधायचा तर जे. रॉस मूर याच्या प्रयत्नांतून आलेला आणि हॅमिल्टन कंपनीने १९३८ च्या सुमारास विकायला काढलेला ‘जून डे’ हाच धरणे अधिक सयुक्तिक. तो गॅस आणि वीज अशा दोन्ही प्रकारांत होता.

इंधन : घरगुती आकाराच्या यंत्राचा बर्नर सुमारे ६ किलोवॉटचा असतो. तो सलग पेटता राहिला तर तासाला जवळपास अर्धा किलो एलपीजी लागतो, म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर सुमारे ४० तास पुरतो. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमधील द्रव वायूचे बाष्पीभवन मंदावते, दाब पडतो आणि ज्योत खुजी होते; तेव्हा दोष यंत्रात शोधू नये. नळाचा गॅस (पाइपने येणारा नैसर्गिक वायू) घेताना बर्नरची जेट, म्हणजे गॅस सोडणारे बारीक छिद्राचे तोंड, बदलावीच लागते. आकारमानाच्या हिशेबाने एलपीजीची उष्णता सुमारे अडीचपट असल्याने नळाच्या गॅसची मोठी जेट एलपीजीवर राहिली, तर ज्योत पिवळी, लांब आणि काजळी धरणारी होते. उंचीमुळे जेट लहान करण्याचा अमेरिकन दंडक सुमारे ६०० मी.च्या वर लागू होतो. नाशिक शहर त्या सीमेच्या किंचित खालीच असल्याने येथे त्याची गरज सहसा पडत नाही.

दोषनिदान : पिंप फिरते, पण हवा गार येते, ही नेहमीची तक्रार. बर्नरसमोरच्या छिद्रातून दोन-तीन मिनिटे पाहिले तर निम्मे निदान होते. इग्नायटर (विजेने लाल होऊन गॅस पेटवणारा भाग) लाल होतच नसेल, तर यंत्राचा प्लग काढून मल्टिमीटरने थर्मल फ्यूज (फार तापल्यास वीज तोडणारा), हाय-लिमिट थर्मोस्टॅट (तापमान मर्यादेबाहेर गेल्यास ज्योत बंद करणारा) आणि इग्नायटर या क्रमाने तपासावेत. सिलिकॉन कार्बाइडचा चांगला इग्नायटर थंड असताना साधारण ५० ते ४०० ओहम दाखवतो. तडकलेला काहीच दाखवत नाही. इग्नायटर लाल होऊन विझतो, पण गॅस पेटत नाही, तर गॅसच्या व्हॉल्व्हवरची, तो विजेने उघडणारी कॉइल गेलेली असते. पहिल्यांदा ज्योत नीट येते आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पेटत नाही, तेव्हाही कॉइलच. तापल्यावर तिची तार आतून तुटते आणि थंड झाली की जुळते, म्हणून दुकानात तपासताना ती निर्दोष दिसते. इग्नायटर लालच राहतो, विझत नाही, तर फ्लेम सेन्सर (बर्नरची उष्णता ओळखणारा भाग) बदलावा.

थर्मल फ्यूज एकदाच उडतो. त्याला तार बांधून यंत्र चालू करणे म्हणजे आगीला आवतण. तो उडण्याचे कारण बहुधा गॅसमध्ये नसून हवेत असते: जाळीत आणि पाइपात साचलेले कपड्यांचे तूस. म्हणून फ्यूज बदलण्याआधी पाइप साफ करावा.

धूर बाहेर काढणे : या यंत्रातून ओलसर हवेबरोबर जळालेला वायूही बाहेर पडतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. नाशिकच्या इमारतींत ‘डक्ट’ म्हणजे न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात ती मधली पोकळी. तळमजल्याच्या गाळ्यातून पाइप त्या पोकळीत सोडणे ही सर्वांत घातक चूक आहे. वरच्या मजल्यांवर अंघोळ करणाऱ्यांच्या श्वासात तो वायू जातो. पाइप बाहेरच्या भिंतीतून मोकळ्यावरच न्यावा. घरगुती आकाराला ४ इंची, गुळगुळीत, कडक धातूचा पाइप लागतो. प्लॅस्टिकचा किंवा फॉइलचा वळ्यांचा नको. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे नसेल तर लांबी ३५ फुटांपर्यंत, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून ५ फूट वजा. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर पाइप नेण्याचा बेत या हिशेबात सहसा बसत नाही. पाइपाचे तुकडे जोडताना दुसऱ्याच्या आत जाणारे टोक हवेच्या दिशेने ठेवावे, सांधे ॲल्युमिनियम टेपने बांधावेत, स्क्रूने नव्हे. आत डोकावणाऱ्या स्क्रूच्या टोकावर तूस अडकते. पाइपाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा. तोंडाशी जाळी लावू नये, ती महिन्याभरात ओल्या तुसाने लिंपली जाते. पारवे आत शिरू नयेत म्हणून झडप पुरते. यंत्र चालू असताना ती सताड उघडली नाही तर पाइप तुंबला आहे. विजेच्या ड्रायरची हवा अजमावायला कारागीर मागचा पाइप काढून यंत्र चालवतात. गॅसच्या यंत्रावर तसे करू नये.

यंत्र मिनिटाला सुमारे ४ घनमीटर हवा खेचते. बंद खोलीत एक्झॉस्ट फॅनही सुरू असेल तर जळालेला वायू उलटा आत येतो. दारात खालच्या बाजूला झरोका हवा. एलपीजी हवेहून जड, म्हणून तळघरात हे यंत्र बसवू नये. गॅसच्या नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडीने कदापि नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारे उघडावीत, विजेचे बटण दाबू नये आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या फोन क्रमांकावर कळवावे.

पंचकर्म केंद्रांतले तिळाच्या तेलाचे टॉवेल धुऊनही तेल धरून राहतात. ते गरम असतानाच गठ्ठा करून ठेवले तर आतल्या आत तापून पेटू शकतात. शेवटची दहा मिनिटे गार हवेवर फिरवून, सुटे पसरून मगच घडी घालावी.