गाडी आली की चित्र का अडकतं?

मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला ही गाडी बंद पडली, तरी त्या पट्ट्यातलं रेल्वेचं वेड काही उतरलेलं नाही. आता ते मोबाइलवर भागवलं जातं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये हॉर्सशू कर्व्ह नावाचं १८५४ सालचं एक प्रचंड वळण आहे, व्हर्जिनियात अ‍ॅशलँड नावाच्या गावात रूळ चक्क मुख्य रस्त्याच्या मधून जातात. अशा ठिकाणी बसवलेले कॅमेरे दिवसरात्र चालू असतात आणि दर्यापूरकडच्या एखाद्या खेड्यात बाजेवर पडून शंभर-सव्वाशे डब्यांची मालगाडी बघता येते. म्हणजे नशीब असेल तर. अर्धा तास रिकामे रूळ लख्ख दिसतात, वळणावर इंजिनाचा दिवा चमकतो आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजतं. "हे गोल गोल काऊन फिरून रायलं बे?" असं आबाजी विचारतात आणि कॉलेजात जाणारा नातू मान वर न करता सांगतो, "नेट नाही, आबाजी."

नातवाचं उत्तर अर्धंच खरं आहे. नेट नव्हतं, तर रिकामे रूळ अर्धा तास कसे दिसले?

चित्र अडकायला गाडीही जबाबदार असते. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला २५-३० स्थिर चित्रं. १०८० ओळींची ती सगळी चित्रं जशीच्या तशी पाठवायची ठरवली, तर सेकंदाला ७०० मेगाबिटांहून जास्त मजकूर होतो. तेवढं ओझं गावातलं कुठलंही कनेक्शन पेलणार नाही. म्हणून २००३ साली आलेल्या एच.२६४ पासून आजच्या एव्ही१ पर्यंतच्या व्हिडिओ आटवण्याच्या सगळ्या पद्धती एकच युक्ती वापरतात. दर काही सेकंदांनी एक पूर्ण चित्र पाठवायचं आणि मधल्या चित्रांमध्ये फक्त काय बदललं तेवढं सांगायचं. खांबावर घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्यापुढे खडी, रूळ, सिग्नल जागच्या जागी असतात, त्यामुळे सांगण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. मग गाडी येते. प्रत्येक डब्याचा रंग वेगळा, कंटेनरवरची अक्षरं वेगळी, कोणी रंगवून ठेवलेली चित्रं वेगळी, आणि हे सगळं अर्धी चौकट व्यापून पळत असतं. क्षणापूर्वी जे काम चिमूटभर डेटात भागत होतं, त्याला आता कित्येक पट डेटा लागतो.

तिकडे चित्र आटवणाऱ्या यंत्राला डेटाची कमाल मर्यादा घालून दिलेली असेल, तर ते तेवढ्यातच भागवतं आणि डबे चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसू लागतात. मर्यादा सैल असेल, तर भार आपल्या कनेक्शनवर येतो आणि चक्र फिरू लागतं. ठोकळे आणि चक्र ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे एकदा ध्यानात आलं की निम्मी चिडचिड कमी होते. रात्रीच्या चित्राचंही असंच. अंधारात कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बारीक दाणे लुकलुकतात, पावसात आणि बर्फात तर चौकटीतला ठिपका न ठिपका हलतो. यंत्राला तो सगळा बदलच वाटतो, त्यामुळे काळोख पाहायलाही डेटा जातो.

आता 'लाइव्ह'चं बघू. हे चित्र सलग धारेने येत नाही, तुकड्यांनी येतं. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आज जगभर चालते. तिच्यात काही सेकंदांचा एकेक तुकडा बनतो, त्यांची यादी सतत ताजी होत राहते आणि आपला प्लेअर ती यादी वाचून तुकडे उचलतो. सहा सेकंदांचा तुकडा आणि तीन तुकडे मागे राहण्याचा रिवाज धरला, तर आपण मुळातच अठरा-वीस सेकंद शिळं बघत असतो. साठवलेला सिनेमा बघताना प्लेअर पुढची दोन मिनिटं आधीच उतरवून ठेवू शकतो. लाइव्हमध्ये ते जमत नाही, कारण उद्याचं दूध आज काढून ठेवता येत नाही. हाताशी असतात ते दोन-तीन तुकडे. तेवढ्यात टॉवरने पंधरा सेकंद दगा दिला की शिल्लक संपली.

म्हणून माझ्या मते सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे मुद्दाम मागे राहणं. मागे जायची सोय असलेल्या प्रसारणात, यूट्यूबवर ती बहुधा असते, चित्र मिनिटभर थांबवायचं आणि मग चालू करायचं. 'लाइव्ह'शेजारचा लाल ठिपका करडा होईल. त्याला हात लावायचा नाही. आता पुढचं मिनिटभराचं चित्र तिकडे तयार आहे आणि प्लेअरला ते आधीच उतरवून घेता येतं. मधे नेट गचकलं तरी गाडी चालत राहते. बडनेऱ्याला तासन्‌तास गाडीची वाट पाहिलेल्या माणसांना एका मिनिटाच्या उशिराचं काय कौतुक! पण सरासरी वेगच कमी असेल, तर ही युक्तीही थोडा वेळच पुरते. तिथे क्वालिटी 'ऑटो'वरून काढून स्वतः ४८० किंवा ३६० वर ठेवावी. ऑटोवर प्लेअर रिकाम्या रुळांच्या हलक्या डेटावर खूश होऊन वरची पायरी चढतो आणि गाडी आली की धापा टाकतो.

दोष नेटचा की फोनचा, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. यूट्यूबमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' नावाची एक पाटी आहे. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक केलं की ती सापडते, मोबाइलवर आधी सेटिंगमधून चालू करावी लागते. तिच्यातल्या दोनच ओळी बघायच्या. 'बफर हेल्थ' म्हणजे किती सेकंदांचं चित्र शिल्लक आहे. ती उतरत उतरत शून्यावर आली आणि मग चक्र फिरलं, तर नेट अडलं. ती ठणठणीत असून चित्र धक्के खात असेल आणि 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा आकडा भराभर वाढत असेल, तर चित्र फोनपर्यंत पोचलं आहे, फोनलाच ते उलगडायला जमत नाही. जुन्या फोनमध्ये नव्या पद्धतीचं चित्र उलगडणारी खास चिप नसते, सगळं काम मुख्य प्रोसेसरवर पडतं. त्यात आपला मे महिना. पारा पंचेचाळिशीपार आणि वर टिनाचं छत. आयफोनच्या कंपनीनेही फोन वापरताना भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगितलं आहे. ती मर्यादा आपल्याकडे न्याहारीच्या वेळीच ओलांडली जाते. तापलेला फोन जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो आणि डबे टुकटुक उड्या मारू लागतात. कव्हर काढा, चार्जिंग बंद करा, क्वालिटी उतरवा, फोन पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. आत ओल धरते.

त्या टिनाचा दुसरा त्रास म्हणजे पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो. दोन पावलं ओसरीत आलात तरी फरक पडतो. पण सिग्नलच्या कांड्या भरलेल्या दिसल्या म्हणून हुरळू नये. कांड्या फक्त टॉवरचा आवाज किती मोठा येतो ते सांगतात, टॉवर किती जणांशी बोलतोय ते सांगत नाहीत. रात्री जेवणं उरकली की अख्खं गाव एकाच टॉवरवर असतं. दुर्दैवाने आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात हॉर्सशू कर्व्हचे दुपारचे बारा. तिकडचा सगळ्यात चांगला उजेड आपल्या सगळ्यात वाईट नेटच्या वेळी पडतो. यावर एक नामी तोड आहे. जून-जुलैमध्ये तिकडे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणजे आपल्या पहाटे सहापर्यंत. पाच वाजता उठणाऱ्या माणसाला टॉवर मोकळा, हवा गार आणि रुळांवर संध्याकाळचं ऊन, तिन्ही एकदम मिळतं.

दीड जीबीच्या रोजच्या पॅकचा हिशेबही करून ठेवावा. १ एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटचं, चित्र तासाला ४५० एमबी खातं, ४ एमबीपीएसचं १.८ जीबी. मोठ्या चित्रात पॅक पन्नास मिनिटांत संपतो. नंतर बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने १ एमबीपीएसचं एका मिनिटाचं चित्र उतरायला पंधरा मिनिटांहून जास्त लागतात. तेव्हा कुठलीही सेटिंग कामाची नाही, सरळ झोपावं.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. आवाज येत नसेल तर आधी प्लेअरवरचं स्पीकरचं चिन्ह दाबा. २०१८ पासून क्रोम आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओला सहसा आवाजासह वाजू देत नाही, म्हणून बऱ्याच साइट मुक्यानेच सुरू करतात. आवाज येतो पण पडदा काळा, तर ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सेटिंग, बंद करून बघा. जुन्या कॉम्प्युटरवर पानच उघडत नसेल तर तारीख तपासा; आतला सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. 'फ्लॅश प्लेअर टाका' असं सांगणाऱ्या पानावरून उठून जावं. फ्लॅश २०२० अखेरीस बंद झालं आहे, आता त्या नावाने व्हायरसच मिळतो.

एवढं करूनही चित्र हलत नसेल, तर त्याच साइटचा दुसरा कॅमेरा लावून बघा. तो सुरळीत चालला तर दोष तिकडचा आहे. कॅमेऱ्यालाही नेट लागतं, वीज लागते, विजांचा धोका असतो, आणि रात्रीच्या दिव्यावर येणाऱ्या किड्यांमागोमाग कोळी भिंगावरच जाळं विणतो. अशा वेळी इकडे राउटर बंद-चालू करून काही होत नाही. तिकडचा माणूस शिडी घेऊन खांबावर चढेपर्यंत अ‍ॅशलँडच्या रस्त्यावरची गाडी बघावी.