गेमिंग आणि ई-स्पोर्ट्समधील हक्क : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पार्क मैदानावर क्रिकेटची स्पर्धा भरवायची असेल, तर परवानगी मैदानाची घ्यावी लागते, क्रिकेटची नव्हे. कारण क्रिकेट हा खेळ कोणाच्याही मालकीचा नाही. ई-स्पोर्ट्सचे, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचे, तसे नसते. तेथे खेळ हीच एखाद्या कंपनीची मालमत्ता असते. त्यामुळे बक्षिसाची स्पर्धा भरवण्यापूर्वी, प्रायोजक घेण्यापूर्वी किंवा सामने लाइव्ह दाखवण्यापूर्वी त्या कंपनीच्या अटी वाचणे आवश्यक आहे. काही कंपन्या लहान स्पर्धांना ठरावीक अटींवर मोकळीक देतात, पण ती गृहीत धरू नये. दक्षिण कोरियात ‘स्टारक्राफ्ट’ या व्हिडिओ गेमच्या प्रक्षेपण हक्कांचा वाद न्यायालयापर्यंत गेला होता आणि 2011 मध्ये तो समेटाने मिटला.

स्वतः गेम तयार करणाऱ्या ग्राहकांनी मात्र अधिक काळजी घ्यावी. समजा, आपल्या गेममधील भुईकोट किल्ल्याची चित्रे एका मित्राने काढली, हलगीचा ठेका दुसऱ्याने ध्वनिमुद्रित केला आणि कोड तिसऱ्याने लिहिला. हे तिघे आपले पगारी नोकर नसतील, तर केवळ मोबदला दिल्याने या सर्व कामांचा कॉपीराइट आपल्याकडे येईलच असे नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच मानला जातो. गेम जगभर डाउनलोड होणार असताना ही एक ओळ राहून जाणे महागात पडते. आमच्याकडे येणाऱ्या करारांत नेमकी हीच ओळ वारंवार गाळलेली आढळते.

पेटंटविषयी विचारणा बरीच होते, परंतु भारतात खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅमलाही नाही. खेळाची नुसती कल्पना कॉपीराइटमध्येही बसत नाही. संरक्षण मिळते ते तिच्या प्रत्यक्ष मांडणीला, म्हणजे चित्रे, संगीत, संवाद आणि कोड यांना.

गेमचे अथवा संघाचे नाव व बोधचिन्ह यांसाठी ट्रेडमार्कची नोंदणी करावी. ही नोंदणी वस्तू व सेवांच्या ठरलेल्या वर्गांनुसार होते : गेम सॉफ्टवेअर वर्ग 9 मध्ये, स्पर्धा व मनोरंजन सेवा वर्ग 41 मध्ये आणि संघाच्या जर्सी वर्ग 25 मध्ये येतात. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. अर्ज ऑनलाइन होत असल्याने त्यासाठी मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयात फेरी मारण्याची गरज नाही.

सल्ल्यासाठी येताना कामाच्या मूळ फाइली, मोबदल्याच्या पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणी पुसून न टाकता सोबत आणावीत.